दोन देशांचे व्यापार करार आणि आपला कापूस, तूर व बियाणे

(खामगाव येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : 'सेवा व्यापार, गुंतवणूक व डिजिटल व्यापार यांतील द्विपक्षीय सहकार्य'. मी कृषिविद्येचा अध्यापक. दोन ओळींतील अंतर, खतांची मात्रा, तणनियंत्रण हे माझे रोजचे विषय. परंतु गेल्या काही हंगामांत कापूस किंवा सोयाबीनच्या कोणत्याही प्रशिक्षणात लागवडीचे बोलून झाले, की मागच्या रांगेतून प्रश्न हमखास येतो, "साहेब, बाहेरून माल आला म्हणून भाव पडला का?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर आयात शुल्कात आहे आणि अर्धे या लांबलचक नावाच्या विषयात आहे. म्हणून मी तो स्वीकारला.

आधी करार कोणते ते पाहू. संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार १८ फेब्रुवारी २०२२ रोजी झाला आणि १ मे २०२२ पासून अमलात आला. ऑस्ट्रेलियाशी २ एप्रिल २०२२ रोजी सह्या झाल्या, अंमल २९ डिसेंबर २०२२ पासून. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी १० मार्च २०२४ रोजी करार झाला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. अशा कराराची बातमी आली की आपण एकच गोष्ट शोधतो, ती म्हणजे कोणता माल किती शुल्काने येणार. ते योग्यच आहे. तेव्हा कापसाचा हिशेब आधी करून टाकू.

ऑस्ट्रेलियाला वर्षाला ५१,००० टन रुई विनाशुल्क पाठविण्याची मुभा मिळाली. १७० किलोच्या गाठीप्रमाणे या ३ लाख गाठी झाल्या. आपल्या देशात वर्षाला सुमारे ३०० लाख गाठी पिकतात. म्हणजे शंभरात एक गाठ. एवढ्याने बाजार कोसळत नाही. याउलट केंद्र शासनाने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतले, प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. ही सवलत कोणत्याही एका देशाशी केलेला करार नव्हता, ती सर्व देशांना लागू होती. आपला कापूस वेचणीला येण्याच्या ऐन तोंडावर गिरण्यांना स्वस्त रुईचे दार उघडले गेले, त्याचा परिणाम मोठा. शासनाचा स्वतंत्र निर्णय आणि दोन देशांचा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात चर्चा करताना त्यांची सरमिसळ होते आणि राग चुकीच्या ठिकाणी निघतो.

आता उरलेल्या अर्ध्या भागाकडे येऊ. करारांत मालाखेरीज सेवा, गुंतवणूक आणि डिजिटल व्यापार यांची स्वतंत्र प्रकरणे असतात. सेवा म्हणजे वाहतूक, विमा, बँक, तपासणी, प्रमाणपत्र, संगणकाचे काम. गुंतवणूक म्हणजे एका देशाच्या माणसाने दुसऱ्या देशात कारखाना, गोदाम किंवा कंपनी उभारणे. डिजिटल व्यापार म्हणजे सौदा, बीजक, सही आणि पैसा हे सारे तारेतून आणि फोनवरून होणे. हे आपल्याला परके वाटते. पण आपण ज्या गावात बसलो आहोत, त्या खामगावने हे तिन्ही प्रकार दीडशे वर्षांपूर्वी पाहिले आहेत.

तारघर आणि प्रेस

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. (तोही द्विपक्षीय करारच, फक्त आपल्याला कोणी विचारले नव्हते.) १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण मुख्य रेल्वेमार्ग आपल्या जिल्ह्यातून नागपूरकडे गेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि जलंब ते खामगाव या आठ मैलांच्या फाट्याचे उद्घाटन झाले. आठ मैलांच्या रेल्वेसाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून या बाजाराची किंमत लक्षात येईल. त्याच्या आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता आणि त्याच १८७० मध्ये मुंबई ते इंग्लंड अशी समुद्राखालची तार पूर्ण झाली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी नोंदवावी आणि सुमारे सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस तिकडच्या धक्क्यावर उतरावा, इतका हा व्यवहार वेगवान झाला.

गुंतवणूकही आली. व्होलकार्ट बंधू ही स्वित्झर्लंडमधील विंटरथूर गावची पेढी. १८५१ मध्ये ती विंटरथूर आणि मुंबई येथे एकाच वेळी सुरू झाली. या पेढीने खामगावात कापूस खरेदीचे ठाणे उभारले व गाठी बांधण्याचे काम केले. पुढे १९५४ मध्ये टाटा आणि व्होलकार्ट यांनी मिळून व्होल्टास कंपनी काढली. आपल्यापैकी काहींच्या घरी तिचा कुलर असेल, त्या नावातील पहिली अक्षरे याच पेढीची आहेत.

यात शेतकऱ्याच्या वाट्याला काय आले, हे मात्र नीट पाहावे लागते. कापसाला मोठी बाजारपेठ मिळाली, रोकड हाती आली, हे खरे. पण लिव्हरपूलचा दर तारघरात यायचा आणि गाडी घेऊन आलेल्या कुणब्याला तो अडत्याच्या तोंडून कळायचा. प्रेस परक्याची, जहाज परक्याचे, विमा आणि हुंडीही परक्याची. एका गाठीच्या किमतीतले हे सारे तुकडे गावाबाहेर राहिले. कापसाचे क्षेत्र वाढले, त्या प्रमाणात ज्वारीची जागा आक्रसली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्य महागले तेव्हा वऱ्हाडात माणसे मेली. बाजाराला शिस्त लावण्यासाठी कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचे मूळ तेथे आहे. म्हणजे रेल्वे आणि तार १८७० मध्ये, आणि तोलाच्या काट्याचा कायदा त्यानंतर सत्तावीस वर्षांनी. माझ्या मते आजच्या करारांकडे पाहताना हे अंतर डोळ्यासमोर ठेवावे. नवी सोय आधी व्यापाऱ्याच्या हाती पोहोचते, शेतकऱ्याचे संरक्षण मागून येते. ते मागून येईपर्यंत आपण काय करायचे, हा माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

शंभर अब्ज डॉलर कोठे येणार?

त्याच स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या चार देशांच्या करारात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक आणि १० लाख रोजगार असे उद्दिष्ट लिहिलेले आहे. पहिल्या १० वर्षांत ५० अब्ज आणि पुढील ५ वर्षांत ५० अब्ज. उद्दिष्ट साधले नाही, तर ठराविक प्रक्रियेनंतर आपल्या सवलती मागे घेण्याची वाट भारताने मोकळी ठेवली आहे. सोयाबीन आणि दुग्धजन्य पदार्थ सवलतींतून वगळलेले आहेत, तेव्हा या कराराने स्विस दूध किंवा सोयाबीन चिखली-मेहकरच्या बाजारात उतरेल, ही भीती बाळगू नये.

पण तो पैसा आपल्या जिल्ह्यात आपोआप येईल, अशीही आशा धरू नये. पैसा बंदराजवळ, मोठ्या शहराजवळ, विजेची आणि पाण्याची खात्री असेल तेथे जातो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि तो मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा भागातून जातो. रस्ता झाला, ही जमेची बाजू. पुढचे काम करारात लिहिलेले नाही.

तरीही बाहेरचे भांडवल आपल्या जिल्ह्यात आलेलेच नाही असे नव्हे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात जाऊन पाहा. मिरची, टोमॅटो, काकडी यांचे संकरित बीजोत्पादन शेडनेटमध्ये चालते. दहा-वीस गुंठ्यांत नवरा-बायको आणि चार मजूर बाया सकाळपासून मादी झाडावरच्या फुलांतील पुंकेसर काढतात, नराचे पराग लावतात. नर-मादीचे मूळ बी कंपनी देते. या कंपन्या देशी आहेत तशा परदेशी भांडवलाच्याही आहेत. खरे पाहता हा शेतकरी बी विकतो त्याहून जास्त आपले कौशल्य आणि श्रम विकतो. यालाच सेवा म्हणतात. कापसाच्या वा सोयाबीनच्या एकरापेक्षा यातून मिळकत बरी होते, म्हणून तो भाग बदलला.

अडचण पैसे मिळण्याच्या वेळी येते. बी काढून दिले की उगवणशक्ती आणि आनुवंशिक शुद्धता यांची चाचणी होते. शुद्धतेसाठी कंपनी ते बी लावून झाडे पाहते किंवा प्रयोगशाळेत तपासते. त्यात काही महिने जातात. निकाल 'नापास' आला तर बी गेले, मजुरी गेली, आणि शेडनेटचे कर्ज राहिले. चाचणी करणारा तोच, खरेदी करणाराही तोच. दीडशे वर्षांपूर्वीच्या तारघरासारखीच ही गोष्ट आहे, माहिती एका बाजूला आहे. म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की, बी देताना नमुन्याच्या तीन पिशव्या दोघांच्या सहीने मोहोरबंद कराव्यात. एक कंपनीकडे, एक आपल्याकडे आणि एक दोघांना मान्य अशा तिसऱ्या व्यक्तीकडे ठेवावी. वाद झाल्यास कोणती प्रयोगशाळा अंतिम, निकाल किती दिवसांत, आणि उशीर झाल्यास पैसे कसे, हे तीन मुद्दे करारनाम्यात मराठीत लिहून घ्यावेत. एकट्या शेतकऱ्याचे कंपनी ऐकणार नाही. गावातील पंचवीस-तीस शेडनेटधारकांनी मिळून मागणी केली तर ऐकावे लागते, कारण परागीकरणात हात बसलेले मजूर दुसऱ्या तालुक्यात एका हंगामात तयार होत नाहीत.

सेवा या शब्दाचा आणखी एक अर्थ आपल्या घरातच आहे. शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. तेथून आणि इतरत्र शिकलेली आपली मुले-मुली पुण्यात आणि परदेशांत संगणक कंपन्यांत आहेत. ब्रिटनशी झालेल्या कराराबरोबर असेही ठरले आहे, की भारतीय कंपनीने तात्पुरते तिकडे पाठविलेल्या कर्मचाऱ्याला ठराविक मुदतीपर्यंत तिकडची सामाजिक सुरक्षा वर्गणी भरावी लागणार नाही, इकडची भरली की पुरे. ज्यांची मुले अशा नोकरीत आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. सिंगापूरच्या जलद पैसे पाठविण्याच्या व्यवस्थेशी आपली यूपीआय २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जोडली गेली. अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेशी रिझर्व्ह बँकेने १५ जुलै २०२३ रोजी रुपया आणि दिरहम यांत व्यवहार करण्याबाबत सामंजस्य करार केला. पैसा पाठविण्याचा खर्च जितका कमी, तितका विहिरीसाठी पाठविलेला पैसा विहिरीत जास्त उतरेल.

फोनवरचा बाजार

अमिरातीच्या करारात डिजिटल व्यापाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. कागदाविना व्यवहार, इलेक्ट्रॉनिक सही, ग्राहकाचे संरक्षण, माहितीची सुरक्षितता असे विषय त्यात आहेत. भाषा बहुतेक सहकार्याची आहे, सक्तीची कमी. पण दिशा ठरलेली आहे. यापुढे ज्या मालाची नोंद संगणकावर नाही, तो माल दूरच्या बाजारात उभा राहू शकणार नाही.

याची चुणूक आपल्याला २०२५-२६ च्या हंगामात मिळाली. भारतीय कापूस महामंडळाने हमी दराने विक्रीसाठी 'कपास किसान' या फोनवरील प्रणालीतून नोंदणी घेतली. मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल असा हमी दर होता. त्यासाठी सातबाऱ्यावर कापसाची नोंद हवी आणि ती नोंद ई-पीक पाहणीतून होते. महाराष्ट्रात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे, तरी मुदत संपत आली की धावपळ करणारे, किंवा 'पोरगा आला की करू' म्हणणारे अजून पुष्कळ आहेत. पेरणीनंतर पीक शेतात दिसू लागले की पहिल्याच आठवड्यात ती नोंद करावी. ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याला शेजाऱ्याने मदत करावी. मात्र आधार क्रमांक, बँकेचा तपशील आणि फोनवर येणारा गुप्त क्रमांक कोणाच्याही हाती देऊ नये. आपल्या शेताची माहिती हाही आता विकला जाणारा माल झाला आहे. कोणती कंपनी ती कशासाठी मागते, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

फोनवरची माहिती किती उपयोगी असते, याचा उलट अनुभव सोयाबीनमध्ये आला. २०२१ च्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात काही बाजारांत सोयाबीनने १० हजार रुपयांच्या आसपास मजल मारली. ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे व्यवहार थांबविण्यात आले. ती बंदी पुढे वेळोवेळी वाढत गेली. वायद्यांत सट्टा असतो हे मान्य. पण तीन महिन्यांनंतरचा दर काय दिसतो, हे फोनवर पाहून माल ठेवायचा की विकायचा हे ठरविणाऱ्या शेतकऱ्याचा फळा त्या दिवशी पुसला गेला. मोठ्या प्रक्रियादाराला ब्राझील व अमेरिकेचे दर त्यानंतरही कळतच राहिले.

आता मालाच्या प्रतीविषयी, हा माझा विषय आहे. ऑस्ट्रेलियाच्या रुईला गिरण्या पसंती देतात, कारण तिच्यात परकीय मिसळ नसते. आपल्या गाठींत खताच्या गोणीचे प्लॅस्टिकचे धागे, सुतळी, केस, पुड्यांचे कागद सापडतात आणि त्यापायी संपूर्ण देशाच्या कापसाचा दर कापला जातो. 'कस्तुरी कॉटन भारत' या योजनेत गाठीवर ओळखचिन्ह लावून ती कोठे पिकली, कोठे दाबली, हे खरेदीदाराला फोनवर पाहता येते. हे चिन्ह गाठीला लागते, पण स्वच्छता वेचणीच्या ओट्यात ठरते. वेचणी दहिवर उतरल्यावर करावी. सुती कापडाचा ओटा आणि सुती गाठोडे वापरावे. पहिली आणि दुसरी वेचणी वेगळी ठेवावी, कवडी कापूस तिच्यात मिसळू नये. महामंडळ ८ टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला कपात करते आणि १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचा कापूस घेत नाही. दोन दिवस उन्हात पसरलेला कापूस वजनाला घटतो, पण केंद्रावरून परत आणावा लागत नाही. परतीचे गाडीभाडे या घटीपेक्षा महाग पडते.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४ ते ३५ किलो रुई निघते, म्हणजे एका गाठीला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. रुई आणि सरकी वेगवेगळी विकण्याचे काम एकट्याच्या आवाक्यातले नाही. शेतकरी उत्पादक कंपनीला ते जमू शकते. किमान १० उत्पादकांना मिळून ती काढता येते. केंद्राच्या २०२० च्या योजनेत प्रत्येक सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, एकूण १५ लाख रुपयांच्या मर्यादेत, भागभांडवलाला जोड अनुदान ठेवले गेले. आपल्या भागात अनुदान आले की कंपनी आणि संपले की कुलूप, अशी उदाहरणे आहेत. ज्या कंपनीने पहिल्या वर्षी फक्त ओलावामापक, काटा आणि नमुन्याच्या पिशव्या घेतल्या, ती टिकण्याची शक्यता मला जास्त वाटते. जिनिंगचे यंत्र नंतर.

शेवटी तुरीविषयी. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी सामंजस्य करार झाला, तूर व इतर कडधान्ये १ लाख टनांपासून २०२०-२१ पर्यंत २ लाख टनांपर्यंत घेण्याचा. त्याच हंगामात आपल्याकडे तूर विक्रमी पिकली, दर हमी भावाखाली गेले आणि खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. ते आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२१ मध्ये मोझांबिकचा करार २०२५-२६ पर्यंत वाढविण्यात आला, तसेच मलावीशी ५०,००० टन आणि म्यानमारशी १ लाख टन तुरीचे करार झाले. मे २०२१ पासून तर तुरीची आयात सर्वच देशांसाठी खुली झाली व ती मुभा पुढे वाढत गेली. कागदावर आकडा असला तरी माल येईलच असे नसते. २०२३ मध्ये मोझांबिकच्या बंदरावर तिकडच्या निर्यातदारांच्या वादात तूर अडकून पडली, तेव्हा इकडे तेजी होती.

आफ्रिकेची तूर साधारण ऑगस्टपासून पुढे निघते, म्यानमारची आपल्या तुरीच्या आगेमागे येते. म्हणून सगळी तूर जानेवारी-फेब्रुवारीत एकदम विकू नये. नोंदणीकृत गोदामात ठेवून इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती घ्यावी आणि तिच्यावर बँकेकडून तारण कर्ज उचलून घरखर्च भागवावा. गोदाम वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेले आहे काय, विमा मालाच्या पूर्ण किमतीचा आहे काय, आणि भाडे महिन्याला आहे की पंधरवड्याला, हे माल उतरविण्यापूर्वीच विचारावे. तुरीतील ओलावा आणि भुंग्याचा बंदोबस्त याविषयी बुलडाणा आणि जळगाव जामोद येथील कृषि विज्ञान केंद्रांत विचारणा करता येईल. नमुना नेताना पोत्याच्या तोंडाचा नेऊ नये, बंबीने वर, मध्ये आणि तळाशी असा तिन्ही ठिकाणचा काढून न्यावा.